बाईंचे कान

५ नोव्हेंबर
आले एकदाची! एक बॅग, दोन पिशव्या आणि रक्तदाब मोजायचं यंत्र. एवढा संसार रिक्षातून उतरवला आणि नव्या कामावर हजर झाले. तळमजल्यावरचं घर आहे आणि मला चक्क स्वतंत्र खोली, खिडकीसकट. मागच्या तीन कामांत पेशंटच्या पायथ्याशी सतरंजी टाकून झोपत होते. म्हणून कुणी बघत नाही असं पाहून खोलीत दोनदा गोल फिरून घेतलं.

पेशंटचं वय पंचाहत्तर. खुब्याचं हाड मोडलं होतं, ऑपरेशन झालंय, सध्या चाकाची खुर्ची. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, म्हणून सगळे त्यांना बाईच म्हणतात. दोन्ही कानांनी जवळजवळ बहिऱ्या, मशीन लावल्याशिवाय काही ऐकू येत नाही. पाय दहा वेळा उचला म्हटलं तर बारा वेळा उचलला आणि म्हणाल्या, हातचे दोन. आमचं जमणार.

पुतणी कॉलेजात शिकवते, रोज येऊन जाते. तिनेच सांगितलं की रंगाच्या कारखान्याचं पाणी तळ्यात सोडतात, खालच्या वस्तीतल्या पोरांच्या अंगावर फोड उठलेत, आणि त्याविरुद्धची समिती म्हणजे आमच्या बाई. त्यांना बाहेर जाता येत नाही, म्हणून बैठका इथेच होतात. म्हणजे दिवसाला वीस-पंचवीस कप चहा. चालेल.

९ नोव्हेंबर
बाईंचं डावं मशीन दोन दिवस शिट्ट्या घालत होतं. क्लिनिकला फोन केला तर त्यांचा माणूस स्वतः घरी आला. करडा शर्ट, बोलणं अगदी मऊ. जुनी जोडी दुरुस्तीला नेली आणि तोवर वापरायला नवी कोरी दिली. बाई लहान मुलासारख्या खूश. खिडकीतली चिमणी ऐकू आली, आणि पुतणी स्वयंपाकघरात मला हळूच ‘काकू भारी हट्टी आहे’ म्हणाली तेही! नवं मशीन डबीत ठेवून चार्ज करायचं असतं. ते काम माझ्याकडे.

१६ नोव्हेंबर
आज मोर्चा होता. कुठल्या गल्लीतून जायचं ते गुरुवारी याच खोलीत ठरलं, आयत्या वेळी बदलून. सकाळी माणसं पोचली तर नेमक्या त्याच गल्लीच्या तोंडाशी अडथळे लावून पोलीस उभे. पत्रकं छापणाऱ्याच्या दुकानालाही काल सील लागलं. त्याचं नाव बाहेर कुणालाच माहीत नव्हतं. पुतणी म्हणते योगायोग असेल. म्हणताना माझ्याकडे बघत नव्हती.

१९ नोव्हेंबर
समितीचे वकील इलेक्ट्रिशियनला घेऊन आले. पंखा, घड्याळ, सगळे स्विचबोर्ड उघडले. बैठकीच्या खोलीतल्या वायरच्या बोर्डात शर्टाच्या बटणाएवढं काहीतरी सापडलं. त्याला लगेच बादलीत जलसमाधी दिली. सगळ्यांचे चेहरे सैल झाले, एकाने तर टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, भिंतींना कान असतात म्हणतात, पण माझ्या घरातले कान मीच डबीत ठेवते.

मीही हसले. पण खोलीत आल्यावर माझ्या बिछान्याजवळचा स्विचबोर्ड उघडून पाहिला. काही नव्हतं. मग उशीचे टाके उसवले.

२४ नोव्हेंबर
कारखान्यातला एक फिटर आमच्या बाजूचा आहे. पाण्याच्या तपासणीचे खरे कागद त्यानेच आणून दिलेत. त्याने कोर्टात जबाब द्यायचा हे काल ठरलं. घरात नाही, बागेत, मोकळ्या मैदानाच्या मधोमध. तिथे बाई, पुतणी, वकील आणि खुर्ची ढकलणारी मी. पाचवं माणूस हाकेच्या अंतरावरही नव्हतं.

आज सकाळी दोघे जण फिटरच्या घरी गेले. त्याच्या बायकोजवळ अर्धा तास बसले. जबाबाचं बोलले. मुलगी कितवीत आहे ते विचारलं.

चौघंच होतो. त्यातली तिघं एकमेकांना वीस वर्षं ओळखतात.

कुणी मला वेडंवाकडं बोललं नाही. पुतणीने माझा फोन मागितला, ‘सिस्टर, प्लीज’ म्हणून. आधी कुठे कुठे कामं केली ते वकिलांनी तारखांसकट विचारलं. सगळं सांगितलं. मग न्हाणीघरात नळ सोडून रडले.

२६ नोव्हेंबर
दोन रात्री डोळ्याला डोळा नाही. सारखी फेऱ्या मारतेय. पण डोकं चाललं.

कागदांची दुसरी प्रत तांदळाच्या डब्यात आहे हे बाईंनी मला गेल्या आठवड्यात अंघोळीच्या वेळी सांगितलं होतं. ती जागच्या जागी आहे. अंघोळीत सांगितलेलं काहीच बाहेर जात नाही. बागेतलं जातं, बैठकीतलं जातं. मग अंघोळीत काय वेगळं?

अंघोळीत बाईंच्या कानांत मशीन नसतं.

मशीन दिवसभर चालायला हवं. हे चार वाजताच मान टाकतं. हाताला गरम लागतं. बाईंच्या कानाची पाळी लाल झालीय. मी तिला मलम लावत होते. मलम!

आज अंघोळीत पाटीवर सगळं लिहून दाखवलं. त्यांनी दोनदा वाचलं. नळ वाहत होता, कुणी बंद केला नाही. मग खडू घेऊन त्यांनी ‘बरोबर’ लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या, पेपर तपासताना मारतात तशा.

मशीन काढून फेकू म्हटलं तर मान हलवली. काढलं की ऐकणाऱ्यांना कळेल, आपल्याला कळलं. ते कानातच राहील. त्याच्यासमोर म्हणायचं, फिटरने माघार घेतली. शुक्रवारी गुपचूप कोर्ट.

संध्याकाळी पुतणी आली. मशीन पुन्हा चार्ज होऊन बाईंच्या कानात होतं, म्हणून बैठकीत पाटीवर लिहूनच तिला सांगितलं. तिने मला घट्ट मिठी मारली. बोलता येत नव्हतं दोघींनाही.

२७ नोव्हेंबर
जेवताना बाईंचा चमचा हवेतच थांबला. मागे वळून पाहिलं त्यांनी. मागे भिंत.

अंघोळीत बाईंनी सांगितलं. दोन्ही कानांत माणसाचा आवाज आला. मऊ. पाय कसा आहे बाई, म्हणून विचारलं. मग म्हणाला, खडूचा आवाज छान ऐकू येतो.

२८ नोव्हेंबर
दिवसभर बोलतोय तो. मला काही ऐकू येत नाही. फक्त बाईंचा चेहरा दिसतो.

अंघोळ सोडली तर मशीन काढू देत नाहीत. त्याने सांगितलंय, इतर वेळी काढलं तर शाळा साडेबाराला सुटते. फिटरच्या मुलीची. रिबिनीचा रंगसुद्धा सांगितला.

मी भांडी घासते, त्या मान हलवतात. मी गोळ्या देते, त्या ‘हो’ म्हणतात. मला नव्हे.

एकदा हसल्या. माझ्या हातातला पेला पडला. अंघोळीत पाटीवर विचारलं, का हसलात? म्हणाल्या, एकोणीसचा पाढा विचारला त्याला. एकोणीस सत्ते— अडला मेला.

मग मला म्हणाल्या, अगं, मी त्याला बोलण्यात गुंतवते. कागद तू ने. पोरीला आज शाळेत पाठवू नका म्हणावं, उद्याही नाही.

२९ नोव्हेंबर, सकाळ
तांदळाच्या डब्यातून कागद काढले. रक्तदाबाच्या यंत्राच्या पेटीत घातले. बाईंना नेऊ शकत नाही— खुर्चीची चाकं वाजतात, त्यांचा श्वाससुद्धा त्याला ऐकू जातो.

निघताना त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मोकळ्या खोलीला मोठ्याने म्हणाल्या, ‘चला, वही काढा. पहिल्यापासून शिकवते तुम्हाला.’

माझ्याकडे बघून फक्त हात हलवला. जा.

दुपार, कोर्टाच्या बाकावर
झालं! अकरा चाळीसला फिटरचा जबाब नोंदवला. न्यायाधीशांनी कागद हातात घेतले, शिक्का बसला. बायको आणि मुलगी पुतणीजवळ सुखरूप. वकील माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले, म्हणाले, चुकलं आमचं. बाईंना सांगायला पळते. बस मिळाली तर—

साडेतीन
दार सताड उघडं. खुर्ची रिकामी.

शेजारीण म्हणते ॲम्ब्युलन्स आली, चौघं होते, बाई पडल्या म्हणाले. पडल्या तर मग तोंड का धरलं होतं त्यांचं, असं हिनेच मला विचारलं.

वकील दवाखाने पालथे घालतायत. पुतणी पोलीस चौकीत. मी फोनपाशी.

दोन्ही मशीन टेबलावर. डबीत, झाकण नीट लावून.

म्हणजे बाईंना काहीही ऐकू येत नाहीये. कुठे असतील तिथे. हाक मारली तरी नाही. ते विचारत असतील, दरडावत असतील, आणि त्यांना नुसते हलणारे ओठ—

चार
फोन नाही. बसवत नाही. दारापासून खिडकीपर्यंत बारा पावलं.

चार वाजून दहा
दारात कुणीतरी आहे. फटीतून करडा शर्ट दिसतोय.

बाईंनी कान मागितलेत म्हणतो. त्याशिवाय त्यांना काही समजत नाही म्हणतो, सगळ्यांची पंचाईत झालीय. सिस्टर, तुम्हीही चला, त्यांना सवयीचं माणूस लागतं.

किती मऊ बोलतो.

दोन्ही माझ्या मुठीत आहेत. गरम. दिली तर बाईंना ऐकू येईल. ऐकू आलं की त्यांना उत्तर— समितीतल्या साऱ्यांची नावं— नाही दिली तर एकट्या, त्या शांततेत, त्या माणसांत—

बाईंना घाबरताना कधी पाहिलं नाही. मागितले नसतील. नाही मागितले.

वरवंटा घेतला. एक फुटलं.

दार वाजायचं थांबलं. गेला? पावलं भिंतीकडेने— स्वयंपाकघराच्या बाजूला— तिकडची कडी मी सकाळी घाईत—

दुसरं अजून