न चावलेले बावीस गोळे

अक्रा, ३ जून

प्रिय आराबाताई, सा. न. वि. वि.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितो. पत्रात निदान ओळी सरळ राहतात.

शस्त्रक्रिया सतरा तारखेला ठरली. जठर कापून केळ्याएवढं ठेवणार. माझं वजन एकशे सदुसष्ट किलो. डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर काळीज तिशीपर्यंत साथ देणार नाही. आधी दोन आठवडे पथ्य. आहारवाल्या बाईंचं वाक्य वहीत जसंच्या तसं उतरवलंय : चावावं लागेल असं काहीही तोंडात घालायचं नाही. चरबीनं फुगलेलं यकृत जठरावर ओणवं पडलंय. ते आकसलं तरच डॉक्टरांना वाट मिळेल.

दुपारी भुकेनं डोळे मिटतात आणि मी आपल्या गावी, एल्मिनाच्या खाडीत कुणाच्या तरी होडीवर नाव रंगवत असतो. फळी माझ्या भारानं करकरत नाही. अक्षरं पाण्यावर उतरून तरंगू लागतात, त्यांच्यामागे मीही. छान वाटतं. मग भीती वाटते की भूल दिल्यावर असाच तरंगत दूर गेलो तर?

माया आहे तेवढी असू दे.

तुझा एबो


एल्मिना, ६ जून

चि. एबोस अनेक आशीर्वाद.

आई गेली तेव्हा तू चार वर्षांचा होतास, नुसता हाडांचा सापळा. भरवून भरवून माणसात आणला, आणि आता शहाणे लोक तेच पोट कापून टाकणार. असो. शेजारची मान्सा विचारत होती की बारीक झालेला एबो ओळखायचा कसा. मी म्हटलं, आल्या आल्या दुकानांच्या पाट्यांवरच्या चुका काढील तो आपलाच.

तुझा नियम दोनदा वाचला. अरे, कंद उखळात कुटून मऊ केलेला फुफू आपण कुठे चावतो? चावणाऱ्याला लोक परका समजतात. गोळा तोडावा, रश्शात बुडवावा, गिळावा. म्हणजे नियमात बसतो. तिकडे येणाऱ्या ट्रोट्रो गाडीच्या ड्रायव्हरबरोबर दिवसाआड डबा पाठवते. उरवू नकोस.

तुझ्यावर जीव टाकणारी,
आराबा


अक्रा, १६ जून

प्रिय ताई, सा. न. वि. वि.

शस्त्रक्रिया पुढे गेली. वजन दोन किलोंनी वाढलं, यकृत होतं तेवढंच. काय खाल्लंस असं विचारल्यावर मी वही वाचून दाखवली : फुफूचे बावीस गोळे, एकही चावलेला नाही. नर्सबाई आपल्याच किनाऱ्यावरच्या. म्हणाल्या, न चावलेलं खाण्यात धरायचं नसेल तर त्याही जन्मापासून उपाशीच आहेत. सगळे हसले, मीही हसलो. मग डॉक्टर हळू आवाजात म्हणाले की तसंच पोट उघडलं असतं तर यकृत फाटून रक्त आवरलं नसतं.

आणखी दोन आठवडे दिलेत. या खेपेला जमलं नाही तर यादीतून नाव काढतील. चूक माझीच, विचारायला हवं होतं. डबा पाठवू नकोस.

तुझा एबो


एल्मिना, १९ जून

चि. एबोस आशीर्वाद.

चूक तुझी नाही. फुफू चालत नाही हे मला माहीत होतं. पाच तारखेलाच आरोग्यकेंद्रातल्या बाईंना विचारून आले होते. मला फक्त तो दिवस टळायला हवा होता. तू टेबलावरून उठला नाहीस तर, ही एक भीती. दुसरी लिहायला लाज वाटते. उठलास तरी माझ्या हातचं तुला चार घासांत पुरेल. मग मी तुझी कोण उरले?

उखळ मान्साकडे देऊन टाकलं. शिव्या घाल, पण लिही.

आराबा


अक्रा, १ जुलै

प्रिय ताई, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आठवडाभर उशाखाली होतं. रागानं उत्तर लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं. मन तपासणाऱ्या बाईंनी विचारलं की खाणं कमी झालं की माझं काय जाईल. मी म्हटलं, ताई. बाई म्हणाल्या की हे ताईलाही कळव. म्हणून कळवतो.

यकृत आकसलं. वजन एकशे एकसष्ट. चार तारखेला सकाळी नेणार आहेत. डॉक्टरांना तुझ्याबद्दल काही सांगितलेलं नाही.

शुद्धीवर आल्यावर पहिल्या दिवशी थोड्या थोड्या वेळानं एक चमचा पाणी, एवढंच मिळतं. नर्सबाईंना सांगून ठेवलंय की तो चमचा माझी ताई भरवील. तीन तारखेच्या ट्रोट्रोनं ये. रिकाम्या हातानं ये.

तुझा एबो