पूजेच्या ताटातली कचेरी

राजापेठ, अमरावती
२ नोव्हेंबर २०२४, पाडवा

चि. किशोरले ताईचा आशीर्वाद.

फराळाचा डबा भेटला. अनारसे मस्त जमले, हर्षाले सांगजो. माझे गुडघे तसेच, जिना उतरला का जीव जाते. दामिनीची प्रणाली सुट्टीले माझ्याकडं होती, आज संध्याकाळच्या गाडीनं घरी, तुमच्याच अकोल्याले चालली. तिच्याच हाती हे पत्र देऊन राहिली.

डब्यात चांदीचं नाणंही होतं. दर दिवाळीले तू लक्ष्मीचं नाणं धाडतं, तसंच समजली मी. चष्मा काही लावला नाही. दुधानं धुतलं, हळदीकुंकू वाहिलं, डोकं टेकलं.

प्रसाद घेता घेता प्रणालीनं ते उचललं. "आजी, याच्यावर लक्ष्मी कुठं हाये वो? मामाआजोबाची कचेरी हाये. शंभर वर्सं झाली म्हणून सरकारनं काढलं."

मग मी चष्मा लावला. तेच दगडी खांब, वर तीच गॅलरी. माझा पियुष जिथून खाली पडून मेला, तिच्यापुढं मी डोकं टेकलं, किशोर! नहाणीत जाऊन कपाळ घासून घासून धुतलं. धाडताना तुले काहीच कसं वाटलं नाही रे? रोज त्याच जिन्यानं चढतं, सवय झाली असन.

सात वर्सं मी तोंड उघडलं नाही. वावर धरणात गेलं, म्हणून नोकरीसाठी धरणग्रस्ताचा दाखला मागाले माझं पोट्टं तुमच्या कचेरीत खेटे घालत होतं. त्या दिवशी गॅलरीवर चढलं. दाखला द्या, नाही तर उडी मारतो म्हणे. अन् दाखला अडवून ठेवणाऱ्या साहेबाले वाचवाले तू जबाबात सांगतलं, भाचा पिऊन होता.

सकाळी तुझ्याच घरून पोहे खाऊन निघाला होता ना तो? तू शेजारी बसला होता. त्यानं जन्मात दारू शिवली नाही, हे तुले ठाऊक. गावाकडं तिवशात अजून लोक मले बेवड्याची माय म्हणतात.

दर भाऊबीजेले तुले ओवाळताना वाटे, आज तरी हा बोलन. तू करंज्या खाये, ताटात साडी ठेवे अन् निघून जाये.

नाणं वापस धाडून राहिली. उद्या येऊ नको. पियुष शुद्धीत होता, हे ज्या दिवशी तिवशात चार लोकांत सांगशीन, त्या दिवशी ये. पाट मांडीन.

ज्या बाईले भाऊ नाही, ते बिजेच्या चंद्राले ओवाळते. उद्या मीही गच्चीवर जाऊन तेच करीन.

पियुषची माय