खुर्चीखालचा माणूस

३ जानेवारी

प्रिय बाईसाहेब,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचल्याचं फोनवर सांगितलंच. बाकीचं फोनवर सांगता येत नाही, कारण मी बोलत असताना तुझ्या आई समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत असतात. म्हणून ही पत्रं. तूही लिही. माझा कंप्युटर त्या उघडत नाहीत, नुसता पुसून ठेवतात.

आईंच्या मनगटाचं प्लास्टर निघालंय. हाड जुळलंय, पण उजव्या हाताची मूठ वळत नाही. डॉक्टरांनी दाबायला रबराचा चेंडू दिलाय. तो सध्या दार आपटू नये म्हणून फटीत अडकवलेला असतो. मी विषय काढला की त्या म्हणतात, मी काय लहान आहे का चेंडू खेळायला.

माझं म्हणशील तर मी पाहुणा आहे. पुढच्या खोलीतल्या दुकानात चहूकडे बैठका नसलेल्या खुर्च्यांचे सांगाडे टांगलेत, टबात वेताच्या पट्ट्या भिजताहेत आणि मधोमध एकुलत्या एका धड खुर्चीवर जावईबापू. ताट उचलू देत नाहीत, पाणी घेऊ देत नाहीत. डाव्या हाताने चहा आणतात, अर्धा बशीत सांडतो, मी धावलो की अहो बसा, अहो राहू द्या सुरू होतं. आपल्या लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी मी अजून काचेच्या कपाटातला.

ऑफिसचं काम दुपारनंतर सुरू होतं, तोवर शोभेचा बसून असतो.

लोभ आहे तेवढाच ठेव, वजन मात्र इथे वाढतंय.
तुझा,
मी

९ जानेवारी

श्री. दशमग्रह यांस,
सा. न. वि. वि.

मजा आहे एका माणसाची. मला वॉर्डातल्या नोकरीतून रजा मिळाली नाही म्हणून तुला पाठवलं, ते बशीतला चहा प्यायला नव्हे. कशासाठी गेलायस ते विसरू नकोस.

आई माळ्यावरून वेताची मोळी काढताना स्टुलावरून पडली. रात्रभर तशीच जमिनीवर होती. सकाळी वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरीण बाई पेपर मागायला खाली आल्या, म्हणून कळलं तरी. त्यांना पेपर विकत घ्यायची सवय नाही याबद्दल मी जन्मभर उपकार मानीन. पण पुढच्या वेळी काय? इथे फोन वाजला की मी आधी तिकडे किती वाजलेत ते बघते.

तेव्हा दुकान बंद करायचं आणि तिला कायमची इकडे आणायची. माझं ती ऐकत नाही. जावयाला नाही म्हणायची तिची छाती होणार नाही, हाच आपला हुकमाचा पत्ता.

आणि तसंही ते काम दोघांचं आहे रे. आई वर बसून पट्टी भोकातून खाली सोडायची, बाबा खुर्चीखाली बसून ती ओढून परत वर द्यायचे. बाबा गेल्यापासून ती एकटीच वर बसते, खाली वाकते, परत वर. या वयात किती दिवस चालणार?

गोड बोलून बघ. तुला जमतं, मी फसलेच ना.

तुझीच,
बाईसाहेब

२४ जानेवारी

प्रिय बाईसाहेब,
स. न. वि. वि.

विषय काढला. आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आणखी चहा हवा का विचारलं. दुसऱ्यांदा काढला, तेव्हा बिस्किटंही आली. तुझा हुकमाचा पत्ता इथे चालत नाही. त्या नाही म्हणत नाहीत, पण हो म्हणतील तर शपथ.

पण एक बातमी आहे. रस्त्यापलीकडच्या दातांच्या डॉक्टरांच्या चार खुर्च्या केव्हापासून अडकल्यात. पेशंट बाकड्यावर दाटीवाटीने बसून एकमेकांच्या दाढांची चौकशी करतात. आईंना हाताने जमेना आणि काम परत देववेना. मी म्हटलं, मला शिकवा. आधी कानावर हात ठेवले, जावयाला कामाला लावलं तर लोक शेण घालतील तोंडात. शेवटी डॉक्टरच दारात येऊन उभे राहिले, तेव्हा कुठे तयार झाल्या.

शिकवणंसुद्धा इतकं अदबीचं की विचारू नकोस. असं केलंत तर कसं वाटेल, आपली हरकत नसेल तर ही गाठ जराशी पुढे. तरी माझी पहिली बैठक पुरी झाली, सगळी जाळी आठकोनी. आई बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, फारच छान. पोस्टमास्तरीण बाईंनी खुर्चीकडे पाहिलं, मग आईंकडे पाहिलं, आणि त्यांना एकदम वर गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

बोटं सोलवटलीत. पण प्रोग्राम लिहिताना कुणी फारच छान म्हणत नाही, त्यामुळे फुगलोय. उद्या दुसरी सुरू करतो.

लोभ असू दे, आणि थोडा मलमही.
तुझा,
मी

३० जानेवारी

प्रिय कारागीर,
सा. न. वि. वि.

वाचून हसू आलं आणि मग शंका आली. माझी आई कुणालाही फारच छान म्हणत नाही. मी शाळेत पहिली आले तेव्हा म्हणाली होती, बरं. बाबांनी आयुष्यभर खुर्च्या विणल्या, त्यांना मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी म्हणजे, चालेल. खुर्ची एकदा नीट बघ.

आणि विणता विणता तिच्या येण्याचं विचार. तुझं परतीचं तिकीट मार्चअखेरचं आहे, तिचंही त्याच विमानाचं काढायला हवं. तोवर हात सुधारला नाही तर ती एकटी काय करील, या विचाराने मला कामात लक्ष लागत नाही.

काळजी घे, तिची आधी, मग स्वतःची.
तुझीच,
बाईसाहेब

३ फेब्रुवारी

प्रिय बाईसाहेब,
स. न. वि. वि.

तू म्हणजे तू. खुर्ची बघायच्या आतच सोक्षमोक्ष लागला.

वेताच्या पट्टीला एक बाजू तुकतुकीत असते आणि एक खरखरीत. तुकतुकीत वर यायला हवी, हे जगाला ठाऊक आहे. मी मात्र माझ्या अकलेने ठरवलं, की माणूस घसरू नये म्हणून खरखरीत वर. पहिली अख्खी बैठक उलटी विणली. आईंना पहिल्या ओळीपासून दिसत होतं. पण जावयाची चूक काढायची कशी? मी परत गेल्यावर आपणच उसवून नव्याने विणायची, असा त्यांचा बेत होता. त्या हाताने!

मी दुसरीही तशीच सुरू केली. आई आधी खोकल्या. मग उठून टबातलं पाणी बदलून आल्या. मी चार ओळी आणखी घातल्या आणि मग बांध फुटला. मला म्हणाल्या, अरे ठोंब्या, डोळे आहेत की बटणं, पेशंटचे कपडे फाटतील आणि दात दुखायचे राहतील बाजूला, आण इकडे. आणि पट्टी माझ्या हातातून हिसकावून, पलटून, भोकात घालून कचकन ओढली. उजव्या हाताने.

मग दोघंही त्या हाताकडे बघत बसलो. मूठ पूर्ण मिटली नव्हती, पण पट्टी धरून होती.

पुढच्या क्षणी आई गोऱ्यामोऱ्या झाल्या. जावईबापू, माफ करा, तोंडातून गेलं. मी हात धुवायच्या निमित्ताने मोरीवर गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. तुला ठाऊक आहे, मी शाळेत असताना माझी आई गेली. काकांच्या घरी सगळे सांभाळून वागवायचे, पोरका म्हणून कुणी रागे भरलं नाही. त्यानंतर आजवर कुणा बाईमाणसाने मला अरे ठोंब्या म्हटलं नव्हतं. (तू म्हणतेस ते वेगळं, ते मी कमावलंय.) परत येऊन मी आईंना सांगितलं, की आता परत अहो म्हणालात तर मी उरलेल्या खुर्च्याही उलट्या विणीन.

त्यांनी टबातून नवी पट्टी काढली. खुर्चीकडे बोट दाखवून म्हणाल्या, जा, खाली बस, बाबांच्या जागेवर. तेव्हापासून त्या वर आणि मी खाली. त्या उजव्या हाताने पट्टी सोडतात, मी ओढून परत देतो. चेंडूने झालं नसतं ते वेत करतोय. आता ताट मी उचलतो आणि घासतोही. दोन्हीबद्दल बोलणी खातो.

इकडे पाठवलंस, तुझे उपकार मानायला हवेत. मानतो.

तुझा,
ठोंब्या

१० फेब्रुवारी

प्रिय ठोंब्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चादरींच्या खोलीत उभं राहून वाचलं. बाहेर आले तर सिस्टरने विचारलं, कुणी गेलं का. म्हटलं, नाही, कुणी आलं.

आणलं तिला इकडे तर मी वॉर्डात, तू बंद खोलीत, आणि ती खिडकीपाशी बसून आपली वाट बघणार. तो हात कशासाठी मिटेल? दुकान बंद करायचं मी डोक्यातून काढलं. माझी भीती काही गेली नाही, पण तिच्यावर दुसरा इलाज करू. माळा रिकामा कर, मोळ्या हाताला येतील अशा ठेव. आणि तू निघाल्यावर खुर्चीखाली कुणी बसेल का बघ. इकडे यायचं की नाही आणि किती दिवस, ते तिचं ती ठरवू दे.

तू तिचा जावई होतास तोवर मला तुम्हा दोघांचीही काळजी वाटायची. आता एकीचीच वाटते.

तुझीच,
बाईसाहेब

१८ एप्रिल

चि. खुर्चीखालच्या माणसास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू पोचल्याचं पोरीने कळवलं. हे अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, पण माझ्या हाताचं आहे. तिला दाखव, म्हणजे तिचा विश्वास बसेल.

डॉक्टरांच्या खुर्च्या देऊन झाल्या. आता पोस्टमास्तरीण खाली बसते. गुडघ्यांच्या नावाने सारखी कुरकुरते, पट्टी सैल ओढते, आणि तिला बोललेलं सहन होत नाही. तुला बोलायची सोय होती. पण एक आहे, सकाळी माझी चाहूल लागली नाही तर तीच दार ठोठावते. तिची किल्ली माझ्याकडे, माझी तिच्याकडे. पोरीला सांग, फोन वाजला की घाबरत जाऊ नकोस.

तिकडची थंडी संपली की मी तुमच्याकडे येईन म्हणते. येण्याचं काढशील तेव्हाच परत जाण्याचंही तिकीट काढ, मग मला मोकळेपणाने राहता येईल. तुमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या फाटल्यात, असं तू बोलून गेला होतास. वेत मी घेऊन येते, टब तू बघ.

तू विणलेली पहिली उलटी खुर्ची मी उसवली नाही. डॉक्टरांच्या सांगाड्याच्या बदली माझा जुना सांगाडा विणून दिला आणि ती दारापाशी ठेवून घेतली. संध्याकाळी तिच्यावरच बसते. टोचते. येणारे-जाणारे विचारतात, ही अशी उलटी कुणी विणली. जावयाने म्हणावं तर लोक म्हणतील, हिने जावयाला कामाला लावलं. म्हणून मी सांगते, माझ्या मुलाने विणली.

लोभ काय सांगायचा, तो आहेच. अंगठा दुखतो म्हणून थांबते.

तुझी,
आई