शिवूचा उजवा हात

१५ डिसेंबर, सोमवार
थंडी लई. ऊन पडल्यावर अंगणवाडीच्या बाईंनी पोरांना पटांगणात ओढणं-ढकलणं शिकवलं. एकाला पोत्यावर बसवून बाकीच्यांनी ओढायचं, मग जुना टायर ढकलायचा. नाकाला शेंबूड, तरी हसून राहिले. माझी नात शिवू पोत्यावर राणीवाणी बसली. टायर मात्र डाव्या हातानंच. तापापासून उजवा मरगळलाय. नांदेडच्या डॉ.नी सांगितलंय, पंधरा दिवस हात चालवा, मग दाखवा, उशीर नको. बाई म्हणल्या, "आजी, घरी बी करून घ्या." मी चौथीत शाळा सोडलेली, पण हे तर येतंय. लेकाकडून, माधवकडून, गोठ्यातलं जातं काढून घेतलं.

१६ डिसेंबर
एक खुंटा, दोघींचे हात. आपल्याकडं आलं की ओढणं, समोर गेलं की ढकलणं. जन्मभर दळलं, हा धडा हाय ते ठाऊक नव्हतं. "आजे, मी दळून राहिले," म्हणते. नाकाला पीठ. किती गोड दिसती, काय लिहू.

१९ डिसेंबर, येळवस (येळ अमावस्या)
शेतात पूजा, भज्जी, आंबील. उकडलेले उंडे शिवूनं दळलेल्या बाजरीचे. सगळ्या भावकीला सांगितलं. नणंद म्हणली, "वयनी, पोरीपरीस तूच फुगलीस." माधव म्हणला, "हात सुधारला, माय. आता नांदेडची खेप कशाला? केळीला पाणी द्यायचंय." हाव म्हणलं. मला बी तसंच वाटलं.

१२ जानेवारी
संक्रांतीचं दळत होतो, बाई आल्या. बघत राहिल्या. "आजी, तुमचा हात काढा बरं."
काढला. जातं थांबलं. शिवूची बोटं खुंट्यावर, नुसती ठेवलेली.
"तू सोडलं की माझा हात झोपतो," म्हणली. हसूनच.
म्हणजे ओढणं बी मीच, ढकलणं बी मीच. खुंट्याला लागला की माझा हात आपोआप फिरतो, लग्नापासूनची सवय. इतके दिवस...

१६ जानेवारी
नांदेड. डॉ. म्हणले, "उशीर नको म्हणलं होतं ना?" आता फार फरक पडंल असं न्हाई. तरी चालवत रहा. माधवनं यष्टीत मला खिडकीची जागा दिली, शिवूला मांडीवर घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. शिवू कंडक्टरला तिळगूळ देऊन आली, डाव्या हातानं.

१८ जानेवारी, रविवार
शिवूनंच जातं पुसलं, दाण्यांचा घास टाकला. मी तिचा उजवा हात उचलून खुंट्यावर ठेवला. माझा हात मांडीखाली दाबून धरला.
"आजे, ढकल की."
"तू ढकल."
ऊन अंगणातून भिंतीवर चढलं. जात्यातला घास तसाच हाय.