नऊ नंबरची खाट

सोमवार, ६ जानेवारी
नर्सिंग कोर्सच्या मॅडमनी प्रत्येकीला वॉर्डातला एक समज पुराव्यावर तपासून आणायला सांगितलंय. मी नऊ नंबरची खाट घेतली. आमच्या महिला वॉर्डात ती होईल तितकी रिकामी ठेवतात. इनचार्ज परब सिस्टर म्हणाल्या, "तपास हवं तर. पण त्या खाटेवरचं माणूस घरी जात नाय गो."

गुरु. ९
रेकॉर्ड रूम. त्या खाटेवर वारलेल्यांच्या फायली. उलगडा सोपा. खाट आमच्या टेबलासमोर, म्हणून सिरियस पेशंट तिथेच ठेवतात. खाटेचा दोष नाही. प्रभादेवीपर्यंत मजेत चालत आले.

शुक्र. १०
काल एक गोष्ट लिहायची टाळली. फायलींतल्या सिस्टरांच्या नोंदी. वर्षं वेगळी, अक्षरं वेगळी, मजकूर तोच: पेशंटने पाय बाजूला घेतले, म्हणते तिला बसू दे. जवळ कोणी नाही.
त्याच दिवशी पुढे मृत्यूची नोंद.

सोम. १३
वॉर्ड फुल्ल. नऊवर लालबागच्या कांबळे मावशी, न्यूमोनिया.  चादर परब सिस्टरनी स्वतः घातली.

मंगळ. १४
दुपारी तीन. मावशींनी पाय बाजूला घेतले. "बसू दे ना तिला."
बीपी, नाडी, ऑक्सिजन ठीक. तरी डॉक्टरांना बोलावलं. वैतागले. "सगळं नॉर्मल आहे, मग कशाला बोलावलंत?"
"पेशंट बरी वाटत नाही," एवढंच म्हटलं.
ते निघणार तेवढ्यात बीपी कोसळलं. डॉक्टर समोर होते म्हणून वाचल्या. आयसीयूत नेलं. 

शनि. १८
मॅडमना सगळं सांगितलं. हसतील वाटलं होतं. म्हणाल्या, "तू फक्त गेलेल्यांच्या फायली बघितल्यास. त्याच खाटेवरून बऱ्या होऊन घरी गेल्या, त्यांचं काय?"
हे मला सुचायला हवं होतं.

मंगळ. २१
घरी गेलेल्याही बऱ्याच निघाल्या. त्यांतल्या काही जणी तेच बोललेल्या. पण त्यांच्या नोंदीत खाली एक ओळ जास्त: म्हणते, ती उठून गेली.
वारलेल्यांच्या एकाही फायलीत ही ओळ नाही.
परब सिस्टरना दाखवलं. चष्मा पुसत राहिल्या. दोन नोंदी त्यांच्याच अक्षरात होत्या.

गुरु. २३
वॉर्डातच लिहितेय. कांबळे मावशी काल आयसीयूतून परत आल्या, आता तीन नंबरवर. तब्येत छान, डॉक्टरांनी आज डिस्चार्ज लिहिला. पाणी देताना हळूच विचारलं, "मावशी, त्या दिवशी कोण बसलेली ती उठून गेली ना?"
"कुठं गेली? हाय की." पाय आणखी पलीकडे सरकवले. "तुमी पण बसा सिस्टर. होतीय जागा."
परत बीपी घेतलं. नॉर्मल. परब सिस्टरना बोलावलं. त्या आल्या, पण खाटेच्या दुसऱ्या बाजूने, वळसा घालून.
मावशींची मुलगी खाली टॅक्सी बघायला गेलीय. डिस्चार्ज कार्डावर माझी सही तेवढी राहिलीय.