युवराजला निजवायचं कुणी?

सोलापूर,
सोमवार, दुपार

तीर्थरूप शरणबसवमामांना,
भाचा नंदीश याचा शरणू शरणार्थी.

गेल्या मंगळवारी सकाळी सव्वाआठ वाजता आमचा युवराज काचेच्या तळाशी कुशीवर आडवा झाला, आणि त्या मिनिटापासून माझं सगळं उलटंपालटं झालं आहे. तुमचे गुडघे कसे आहेत, मामींची शुगर किती, मंगळवेढ्याकडं ज्वारी कशी उभी आहे, हे मी याच्या आधी विचारायला हवं होतं. पण मग ज्वारीवरच दोन पानं गेली असती आणि मुद्दा राहिला असता. आता विचारतो, सगळे बरे आहात ना? इकडे अव्वा (तुमची ताई) ठणठणीत आहे आणि माझ्यावर चिडलेली आहे, त्याचं कारण पुढे येईल. मी कागदावर लिहितोय याचं नवल करू नका. तुमच्या फोनवर आलेलं आधी मामी वाचतात, मग त्यांच्या बहिणी वाचतात, आणि उरलं तर तुम्ही. ज्ञानबा उद्या पिकअप घेऊन तिकडं यायचाय, त्याच्या हाती देतो. तो वाचणार नाही. (चष्मा घरी ठेवूनच गाडी चालवतो, म्हणून गाडीत बसू मात्र नका.)

युवराज म्हणजे मासा. हे पहिल्याच ओळीत सांगायला हवं होतं, कारण अव्वाने शेजारच्या गौरम्माला "युवराजचं काय खरं न्हाय आता" एवढंच सांगितलं, तर गौरम्मा डोळ्याला पदर लावून आली, दहा मिनिटं बसली, आणि मासा आहे कळल्यावर चहा पिऊन गेली. सोनेरी मासा आहे, माझ्या मुठीएवढा. शिवलीलाने दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेत प्लास्टिकच्या पिशवीतून आणला होता. शिवलीला माझ्या वर्गात होती. मी दुसऱ्या वर्षाला सरांशी भांडून, प्रॅक्टिकलचं जर्नल त्यांच्या टेबलावर टराटरा फाडून कॉलेज सोडलं, हे तुम्हाला माहीत आहे. ते जर्नल शिवलीलाने आठ दिवस खपून माझ्यासाठी पूर्ण केलेलं होतं, हे तुम्हाला माहीत नाही. फाडताना मलाही आठवलं नाही. पुढे चार महिने ती माझ्याशी बोलली नाही आणि मी खालच्या झेरॉक्सच्या दुकानात लोकांची जर्नलं छापत बसलो. मग तिला पुण्यात नोकरी लागली. तिथल्या हॉस्टेलवर मासा चालत नाही, म्हणून ती टाकीसकट तो माझ्याकडं सोडून गेली. माझ्यावर विश्वास आहे म्हणून. (किंवा दुपारनंतर मी घरीच असतो म्हणून. मी पहिलं धरून चाललोय.)

तेव्हापासून रोज संध्याकाळी साडेसातला तिचा व्हिडिओ कॉल येतो. माशाला. मी फोन धरतो. तिला माझा अंगठा दिसत असावा. "कसाय माझा युवराज" असं ती विचारते, आणि मी जे उत्तर देतो ते त्याच्या वतीने असतं. पण मामा, खरं सांगतो, दिवसभरात मी त्या साडेसातलाच जिवंत असतो. एक दाणा टाकला की तो वर यायचा, तोंड उघडायचा, ती हसायची, आणि कॉल थोडा लांबायचा. आधी मी दोन दाणे टाकायचो. मग पाच. मग चिमूटभर. तिला घाई दिसली की दुसरी चिमूट. पाणी गढूळ होत होतं, ते बदलायला हवं होतं, पण आमच्याकडं नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, आणि त्या दिवशी मी मोबाईलची काच पुसत बसायचो.

पंधरा दिवसांपूर्वी तो फुगायला लागला. मग खवले उभे राहिले, कणसाचे दाणे सुटल्यासारखे. मी घर डोक्यावर घेतलं, कारण अव्वा त्याला चोरून कडक भाकरीचा चुरा घालायची हे मी पाहिलं होतं. "फुगली की नाही भाकरी त्याच्या पोटात!" म्हणून मी भाकरीची आख्खी चवड गच्चीवरून खाली फेकली. अव्वा शांतपणे म्हणाली, "तुला एकवीस वर्सं तीच घातली की रं. तू न्हाय फुगलास. नुसतंच डोकं तापलं." मग खाली जाऊन तिने न फुटलेल्या वेचून आणल्या. (कडक भाकरी दुसऱ्या मजल्यावरून पडून फुटत नाही. माझा राग फुटला तेवढाच.) शिवाय ती दर सोमवारी टाकीच्या काचेवर विभूतीचे तीन पट्टे ओढते, फ्रीजवर आणि माझ्या गाडीवर ओढते तसेच. विभूतीची थोडी राख पाण्यात पडत असणार, म्हणून त्यावरूनही मी बोललो. तिथे मात्र ती शांत राहिली नाही. ते इथे लिहीत नाही.

मासेवाल्या बिरप्पाकडं गेलो. खायच्या नव्हे, काचेतल्या. त्याने फोटो बघितला आणि म्हणाला, "जातंय बे ते. संडासात सोड, पाणी मार, इषय संपला. ऐंशीत दुसरा देतो, सेम टु सेम, तिला कळतंय व्हय?" मी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "कॉलर सोड, सत्तरला देतो." गौरम्मा म्हणाली, "सिद्धेश्वरच्या तळ्यात सोड की, लई पुण्य लागतंय." हे मला पटलं. पिशवीत घालून घेऊनही गेलो. पायरीवर उभा राहिलो, तर कुणीतरी चुरमुरे टाकत होतं आणि खालून माझ्या हाताएवढे मासे तोंडं उघडून एकमेकांवर चढत होते. पिशवीत युवराज आडवा. मी तसाच परत आलो. गौरम्माचा भाऊ म्हणाला बर्फाच्या खणात ठेव, गारठून निजेल. मी त्याला म्हणालो, आधी तुम्ही हात ठेवून बघा. त्याच्याशी आता बोलणं नाही.

शेवटी जनावरांच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरीणबाईंनी एक म्हैस बाजूला ठेवून माझा फोन पाहिला. (म्हशीचा मालक माझ्याकडं ज्या नजरेने बघत होता ती मी विसरणार नाही.) भाकरीने नाही, म्हणाल्या. राखेनेही नाही. खाणं फार पडलं, पाणी सडलं, आतून निकामी झालाय, अंगात पाणी भरलंय, आता परत फिरणार नाही. तो खातो का, विचारलं. नाही. पोहतो का? नाही. मग लवंगेच्या तेलाचं सांगितलं. टाकीतलं पाणी बाटलीत घेऊन तेल घालायचं, दुधासारखं होईपर्यंत हलवायचं, भांड्यात थोडंथोडं ओतायचं. मासा आधी गुंगतो, मग पुरता निजतो, मग उरलेलं ओतायचं. दुखत नाही. आणि वर विचारलं, "आठवडा होत आला म्हणता. कुणासाठी थांबलाय?"

मी म्हणालो, तुम्हाला काय करायचंय, आणि ताडताड निघून आलो. हेल्मेट तिथेच राहिलं, म्हणून परत जाऊन माफी मागितली. म्हैसवाल्याचीही मागितली. पण त्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. तुम्हाला देतो. मी साडेसातसाठी थांबलोय. मासा गेला की कॉल गेला. या आठवड्यात मी काय केलं ऐका. त्याचा जुना व्हिडिओ, तब्येत चांगली होती तेव्हाचा, अव्वाच्या फोनवर लावायचा आणि माझा फोन त्याच्यासमोर धरायचा. तीन दिवस निभावलं. चौथ्या दिवशी अव्वाच्या महिला मंडळाचा "शुभ संध्याकाळ" गुलाबासकट युवराजच्या तोंडावरून सरकत गेला. शिवलीलाने विचारलं, हे काय गेलं? मी म्हणालो, शेवाळ. तिकडे फोनच्या मागे खरा युवराज कल्ले उचलत होता, एक एक, जसं काही प्रत्येक वेळी विचार करून उचलतोय. मी त्याच्याकडं पाठ करून उभा होतो.

काल अव्वाने विचारलं, गेल्यावर पुरायचं की जाळायचं? आपल्यात पुरतात, पण मासा कुणात येतो? मग स्वतःच म्हणाली, शिवलीलाच्या घरचा म्हणजे आपल्यातलाच. मी हसलो, आणि मग मोरीत जाऊन नळ सोडून बसलो. (पाण्याचा दिवस नव्हता. नळ नुसताच सूं करत होता.)

मामींना नमस्कार. गुडघ्यांना जपा.

आपला,
नंदीश

ता. क. हे सगळं ज्यासाठी लिहिलं ते वर लिहायला धीर झाला नाही. मामा, तुम्ही तीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात काढली. आपली पांढरी गाय पाय मोडून पडली तेव्हा सुई डॉक्टरांनी दिली, पण मान तुम्ही धरली होती, आणि तिच्या कानाशी कन्नडमधून काहीतरी बोलत होता. तुमचा हात लागला की जनावर निवांत होतं. रविवारच्या एसटीने या आणि युवराजचं तुम्ही करा. माझ्याने होणार नाही. काही आणू नका, तेल घरात आहे. (रविवार म्हणजे अजून सहा कॉल मिळतात, हा हिशेब मी केलेला नाही असं म्हणणार होतो.)

दुसरा ता. क., सोमवार, संध्याकाळी सव्वाआठ. कॉल येऊन गेला. आज व्हिडिओ लावला नाही. फोन खऱ्या टाकीसमोर धरला आणि सगळं सांगितलं, चिमूट-चिमूट दाण्यांसकट. शिवलीलाने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नंद्या, दहा दिवसांपूर्वीच दिसलं होतं मला. शेवाळ म्हणे. तुला वाईट वाटेल म्हणून विचारलं नाही. तो आहे तोवर बंद कसा करायचा, म्हणून रोज लावत होते." मी म्हणालो, काय बंद करायचा? ती म्हणाली, "फोन रे." मग म्हणाली, "त्याला नको आता त्रास देऊ. रडू नको." मी रडत नव्हतो, तेव्हापर्यंत. मी विचारलं, उद्या करशील ना फोन? ती म्हणाली, "कशाला?" रागाने नाही, मामा. खरंच कळलं नाही म्हणून विचारलं. रागाने म्हणाली असती तर मी भांडलो असतो. भांडता येतं मला.

शेवटचा ता. क., मंगळवार, सकाळ. रविवारी येऊ नका. झालं. अव्वाने दातदुखीच्या लवंगेच्या तेलाची बाटली टाकीजवळ आणून ठेवली होती. बाईंनी सांगितलं तसंच केलं, घाई केली नाही. खायला मी घातलं होतं, तेव्हा हेही माझंच काम होतं. तो आधी निजला, आठ दिवसांत पहिल्यांदा निजल्यासारखा दिसला. मग उरलेलं ओतलं. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास बसून राहिलो. शिवलीलाला "शांत गेला" एवढं पाठवलं. तिने जोडलेले हात पाठवले. पत्र फाडून टाकणार होतो, पण एवढं तरी कुणाला माहीत असावं म्हणून पाठवतोय. अव्वाने त्याला पुरायला न्यायला स्टीलचा डबा दिलाय, आत कापूस घालून, आणि "झाकणासकट परत आण" असं बजावलंय. रिकाम्या टाकीतला पंप अजून चालू आहे, बुडबुडे येतायत. तो बंद करायला मन होत नाही, आणि तो आवाज ऐकवत नाही. खाली ज्ञानबा हॉर्न देतोय. कागदाची घडी घालतो, डबा उचलतो, बाहेर पडतो आणि दार लावून घेतो.