बडोद्याच्या मैदानावर आबा

आबा, मी बारडोलीला मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला गेले नव्हते. तुम्हांला ते चांगलं माहीत होतं, पण माझ्या तोंडून तुम्ही ते कधी ऐकलं नाही. तुम्ही गेलात त्यालाही आता पुष्कळ वर्षं झाली. तरी परवा दुपारी भांडी विसळता विसळता ते एकदम वर आलं आणि हात तसाच नळाखाली राहिला.

तेव्हा मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. सुरतेत भेस्तानला आपली एक खोली, पत्र्याचं छप्पर, आणि भिंतीला भिंत लावून लूमचा, यंत्रमागांचा कारखाना. पोळी लाटताना पोळपाट हलायचा. तुमच्या कारखान्यात तर शेजारच्या माणसाशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. वीस वर्षांत तुमचे कान गेले होते. माय काही सांगायची ते हातवारे करूनच. त्या आवाजात मला बसवत नसे, उठवत नसे. अभ्यासाचं पुस्तक उघडलं की वाटायचं, कुठेतरी जावं. कुठे ते ठाऊक नसायचं.

त्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजात बडोद्याचा एक बँड आला. चार पोरं, दोन गिटार, एक ड्रमवाला आणि गाणारा. निम्मी गाणी इंग्रजी, निम्मी त्यांनीच लिहिलेली हिंदी. मी तोवर गरबा ऐकला होता, वरातीतले बँड ऐकले होते. हे काही वेगळंच होतं. पहिलं गाणं सुरू झालं आणि माझ्या छातीत कोणीतरी दार लोटल्यासारखं झालं. मी त्यांची कॅसेट मिळवली, घासून घासून ऐकली, इंग्रजी शब्द जसे कानावर पडले तसे देवनागरीत वहीत उतरवले. पुढच्या आठवड्यात ते नवसारीला वाजवणार होते; कॉलेजचं निमित्त करून मी एसटीने गेले आणि संध्याकाळच्या आत परतले. मग भरूच. मग बडोदा. या दोन मुक्कामांसाठी बारडोलीचं ते खोटं लग्न लावावं लागलं.

भरूचला हॉस्टेलच्या मुलींनी मला आपल्या खोलीत घेतलं. मी सगळ्यांत पुढे, स्पीकरला खेटून उभी. गाण्यांच्या मधे गाणाऱ्याने खाली पाहिलं आणि माइकवरच म्हणाला, "अरे, सूरतवाली फिर आ गई!" सगळे वळून बघायला लागले. आबा, मला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी एवढ्या गर्दीत ओळखलं होतं. पुढचे दोन दिवस माझे पाय जमिनीला लागले नाहीत.

इकडे ती मैत्रीण, जिच्या बहिणीचं लग्न मी लावलं होतं, तीच माझ्याकडे राहिलेली तिची वही न्यायला आपल्या घरी आली. माय भाजीला गेली होती. दारात तुम्ही. तिने घाबरून तुमच्या कानाशी सगळं सांगून टाकलं. हे मला तिच्याकडून नंतर कळलं. तुम्ही तिला पाणी दिलंत, वही शोधून दिलीत, आणि मायला सांगितलंत की पोरीला बारडोलीहून घेऊन येतो.

रविवारची दुपार. बडोद्याच्या त्या कॉलेजचं मैदान, अर्ध्या खुर्च्या रिकाम्या. मी स्टेजच्या पायरीवर बसले आहे. फाटकातून तुम्ही येताय, लग्नाकार्यात घालायचा तो पांढरा शर्ट घालून. लग्नाला निघालो असं मायला सांगितलं होतं ना, म्हणून तोच शर्ट. मला वाटतं आता केस धरून ओढतील. पोरांसमोर, गाणाऱ्यासमोर. तुम्ही जवळ येता, मला नीट बघून घेता, आणि म्हणता, "जेवनी का?"

मी हो म्हणून मान हलवली. खरं तर सकाळपासून चहावर होते.

"घरी चला," मी मोठ्याने, तुमच्या कानाशी म्हटलं. खरं तर तुम्हांला तिथून हलवायचं होतं.

"व्हऊ दे. मंग जाऊत," म्हणालात आणि पहिल्या रांगेत बसलात.

चार वाजता त्यांनी सुरू केलं. तुम्ही चपला काढल्यात, कारखान्यात लूमचा ठेका जोखायचात तसे पायांचे तळवे जमिनीवर टेकवलेत, डोळे मिटलेत. कॉलेजची पोरं बघत होती, हसत होती. मी तुमच्यापासून दोन खुर्च्या सरकून बसले. तिसरं गाणं, माझं सगळ्यांत लाडकं, अर्ध्यावर आलं तेव्हा तुम्ही सरकत येऊन माझा दंड धरलात आणि मला जवळ ओढलंत. "मांगला ढोलवाला घाई करी ऱ्हायना. बाकीना त्याले गाठी नई ऱ्हायनात."

मला इतका संताप आला! लूमवरचा माणूस, धड ऐकू येत नाही, आणि माझ्या बँडची चूक काढतोय. मी तोंड फिरवलं. पण कार्यक्रम संपल्यावर निरोप घ्यायला मी स्टेजमागे गेले, तर गिटारवाला ड्रमवाल्यावर ओरडत होता, "तू हर गाने में भाग रहा है! महीने भर से बोल रहा हूँ!" सूरतवालीकडे त्यांच्यातल्या कोणाचंही लक्ष गेलं नाही. मी तशीच मागे फिरले.

परतीच्या पॅसेंजरमध्ये तुम्ही मला भजी घेऊन दिलीत. भरूचच्या पुलावर गाडी खडखडायला लागली, अंधार पडला होता. तुम्ही विचारलंत, "तुले त्या गाना आवडतस, का घर सोडीसन पळनं आवडस?" रागाने नाही. कारखान्यात नव्या माणसाला विचारावं तसं, माहीत करून घ्यायला. मी भज्यांचा कागद चुरगळून खिडकीबाहेर टाकला. घरी मायने हातवारे करत विचारलं, "कसं व्हयनं लगीन?" तुम्ही शर्ट काढता काढता म्हणालात, "चांगलं व्हयनं. गर्दी व्हती. बँड बी व्हता."

वर्षभरात तो बँड फुटला, असं ऐकलं. मी बी.ए. कसंबसं पुरं केलं. इच्छापोरला एका ऑफिसात चिकटले, सोडलं. मग वापी, मग पुणे, मग नागपूर. एका गावात तीन वर्षं झाली की मला झोपेत चालल्यासारखं होतं. कपाटाच्या वर बॅगा मी कधी ठेवतच नाही, पलंगाखाली ठेवते, हाताशी. पुलावरच्या तुमच्या त्या प्रश्नाला उत्तर नाही असं नाही. ते मी रोज जगतेच आहे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून राहिलेलंही लिहून टाकते. बडोद्याहून आल्यावर दोन महिने मी तुमच्याशी धड बोलले नाही. डबा भरून द्यायचे आणि तोंड फिरवायचे. एकदा तुम्ही कामावर निघताना दारात थांबून विचारलंत, "आजून राग से का?" मी म्हटलं, "नाही." होता, आबा. तुम्हांला वाटलं असेल, मला आणायला आलात म्हणून. त्याचा नव्हता. मी ती गाणी शंभर वेळा ऐकली होती, आणि जे मला एकदाही ऐकू आलं नाही ते तुम्हांला पहिल्याच खेपेला ऐकू आलं, त्याचा होता.